पोटोबाचं उपोषण

पोटोबा उपोषणाला बसणार म्हटल्यावर आख्खा कारखाना पोट धरून हसला.

हसणारच. एकशे एकवीस किलोचा गडी तो. कॅन्टीनमध्ये त्याचं ताट वेगळं होतं, उंच कडांचं, कारण साध्या ताटातला भात टेबलावर सांडायचा. ओतकाम विभागात छताखालून रुळांवर चालणारी मोठी क्रेन त्याच्या ताब्यात होती. सकाळी तो लोखंडी शिडीनं वर केबिनमध्ये चढायला लागला की खालची माणसं ओरडायची, "अरे, शिडीला विचारा बिचारीला, झेपेल का म्हणून!" तो वरूनच हात हलवायचा. राग कसा तो त्याला ठाऊक नव्हता. हा माणूस अन्नाला शिवणार नाही म्हणाला, तेव्हा पाळीवरच्या लोकांनी पैजा लावल्या. कुणी दुपारच्या भोंग्यापर्यंत म्हणालं, कुणी संध्याकाळपर्यंत. दुसरा दिवस उजाडेल असं कुणीच म्हणालं नाही.

ताई मात्र हसली नाही.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये बावीस वर्षं ती मोठ्या पातेल्यांपुढे उभी होती, आणि तिथं साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. आई गेली तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि तो पाच. तेव्हापासून त्याच्या पोटात काय गेलं आणि काय गेलं नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. पुढं त्याचं लग्न जमलं नाही आणि तिचं जमवायला कुणी उरलं नव्हतं. दोघं बेकरीच्या मागच्या दोन खोल्यांत राहत. आतल्या खोलीची एक भिंत बेकरीच्या भट्टीला लागून होती, ती दिवसभर कोमट असायची.

झालं होतं असं. तीन महिन्यांपूर्वी ओतकाम विभागात एक साखळी तुटली आणि दीड टनाचा साचा खाली उभ्या असलेल्या फिटरवर पडला. फिटर जागच्या जागी गेला. सडपातळ, तोंडाळ, कामाला वाघ असा माणूस. घरी बायको आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली. कंपनीनं चौकशी केली आणि चार पानी अहवाल फलकावर लावला. तिसऱ्या पानावर एक वाक्य होतं : 'सदर कामगार मद्याच्या अमलाखाली असल्याने सूचना मिळूनही बाजूला झाला नाही.'

फिटर आयुष्यात दारूला शिवला नव्हता. साखळीच्या कड्या झिजल्यात हे पोटोबानं स्वतः देखभालीच्या वहीत दोनदा लिहिलं होतं. वही आता सापडत नव्हती. आणि फिटरच्या धाकट्या मुलीला शाळेत कुणीतरी 'दारुड्याची' म्हणालं, तेव्हापासून ती शाळेत जाईना.

"ते एक वाक्य खोडा, एवढंच म्हणणं आहे," पोटोबानं ताईला सांगितलं. "दुसरं काही नको मला."

"आणि नाही खोडलं तर?"

"खोडेपर्यंत जेवणार नाही."

"तू?" ताईच्या तोंडून निघून गेलं.

तो हसला. "युनियनचे लोक गेले, अर्ज दिले, साहेबांनी चहा पाजून परत पाठवलं. माझ्याकडं दुसरं काय आहे गं? भाषण करता येत नाही मला, अर्ज लिहिता येत नाही. खाता तेवढं येतं. मग तेच सोडतो."

गेटबाहेर सायकली लावायच्या छपराखाली युनियनच्या सेक्रेटरीनं एक लोखंडी खाट टाकून दिली. पोटोबा बसला तशी खाट मधोमध वाकली आणि पुन्हा एकदा सगळे हसले.

पहिले तीन दिवस वाईट गेले. डोकं ठणकायचं, तोंडाला कोरड पडायची, शेजारी कुणी बिडी पेटवली तरी तो खेकसायचा. एक वाजला की कॅन्टीनमधून फोडणीचा वास यायचा आणि तो गेटकडं पाठ करून बसायचा. ताई आत डाव हलवत असायची. त्या तीन दिवसांत तिच्या हातून दोनदा भाजी खारट झाली.

सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई रोज दहाला स्कूटरवरून यायच्या. पन्नाशीच्या, किरकोळ अंगाच्या, आवाज मात्र खणखणीत. दवाखान्याच्या माडीवर सहा खाटांचा वॉर्ड होता. खाली बाह्यरुग्ण आणि वर आंतररुग्ण, दोन्हीकडं त्याच एक. त्या वजनकाटा घेऊन यायच्या, नाडी बघायच्या, लघवीत कागदाची पट्टी बुडवून तिचा रंग बघायच्या. आणि रोग्याला काही लपवायचं नाही, असा त्यांचा बाणा होता.

चौथ्या दिवशी पट्टी गडद जांभळी झाली. पोटोबाच्या तोंडाला कुजकट सफरचंदासारखा वास येत होता. ताई घाबरली.

"घाबरू नका," डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या. "हा वास यायलाच हवा. असं बघा, आपल्या यकृतात साखरेचा थोडा साठा असतो, तो दीड दिवसात संपतो. पण मेंदूला साखर लागतेच. म्हणून शरीर आधी स्वतःचं मांस मोडून त्याची साखर करतं. तसंच चालू राहिलं तर माणूस दोन आठवड्यांत आटोपेल. म्हणून शरीर मग चरबीला हात घालतं. यकृत चरबीपासून वेगळंच इंधन बनवतं, मेंदू कुरकुर करत ते चालवून घेतो. त्याचा हा वास."

"म्हणजे आता बरा आहे तो?"

"आता भूक जाईल. डोकं हलकं वाटेल. आणि चरबी काय, यांच्याकडं मुबलक आहे."

पोटोबा खुदकन हसला. "ऐकलंस ताई? तुझ्या हातचं सगळं जपून ठेवलंय मी."

आणि खरंच त्याची भूक गेली. पाचव्या-सहाव्या दिवसापासून तो असा शांत झाला की जणू त्याच्या अंगातलं एक जुनं यंत्रच बंद पडलं. पाणी प्यायचा, चिमूटभर मीठ चाटायचा. पैजा लावणारे आता त्याच्याकडं न बघता आत जायला लागले. आठव्या दिवशी भट्टीवरचे चौघे येऊन खाटेपाशी जमिनीवर बसले. दहाव्या दिवशी पन्नास जण होते. फिटरची बायको रोज सकाळी मुलींना घेऊन यायची, अर्धा तास बसायची, एक शब्द न बोलता जायची.

दुसऱ्या आठवड्यात त्याला थंडी वाजायला लागली.

दिवस उन्हाळ्याचे होते. छपराचा पत्रा दुपारी हात लावू नये असा तापायचा. पण पोटोबा म्हणायचा, "ताई, काहीतरी पांघरायला दे." ताईनं घरून घोंगडी आणली. चार दिवसांनी दुसरी आणली. त्याचे हात, जे हिवाळ्यातही असे गरम असायचे की लहानपणी ती त्यात स्वतःची बोटं शेकायची, ते आता माठाच्या बुडासारखे गार लागायचे.

"असं का होतंय?" तिनं विचारलं.

"माणूस नुसता बसला तरी शंभर वॉटच्या दिव्याइतका तापत असतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अन्न येत नाहीये हे कळलं की शरीर तो दिवा बारीक करतं. नाडी मंद, श्वास मंद, हातपाय गार. आज यांचा ताप साडेपंच्याण्णव आहे. शरीर काटकसर करतंय. शहाणं आहे ते, आपल्याहून शहाणं."

"पण अजून केवढा आहे तो," ताई म्हणाली. "नव्वदच्या वरच आहे ना वजन? अजून खूप दिवस निघतील ना?"

डॉक्टरीणबाईंनी वजनकाटा पिशवीत घातला आणि मग हळू आवाजात बोलल्या. "सगळेच असं म्हणतात आणि तिथंच फसतात. चरबी म्हणजे नुसतं सरपण. शरीराला क्षार लागतात, जीवनसत्त्वं लागतात, ती चरबीतून येत नाहीत. ती संपत आलीत. हे वरून दिसायला भरलेलं घर आहे, ताई. आतल्या बरण्या रिकाम्या आहेत."

ताईनं मान डोलावली. तिला ते कळलं, पण डोळ्यांना पटलं नाही. डोळ्यांपुढं तिचा भाऊ अजून खाटभर होता.

पुढं एका दुपारी छपराखाली दोघंच होती. पोटोबा बराच वेळ पत्र्याकडं बघत पडला होता.

"लोड माझ्या हूकला होता," तो म्हणाला.

"माहीत आहे मला."

"नाही, नीट ऐक. मला साखळी आवडली नव्हती त्या दिवशी. मला कळत होतं, ती गेलीय. खालून फोरमन ओरडला, उचल म्हणून, आणि मी लिव्हर ओढला. वरून सगळं दिसत होतं. फिटरनं वर बघितलं होतं माझ्याकडं, हसला होता." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "माझ्या हातून गेला, असं लिहिलं तरी मी सही करीन. आहेच तसं. पण दारू नका लिहू. खोटं नका लिहू मेलेल्या माणसाबद्दल."

ताईनं त्याचा गार हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला.

सत्ताविसाव्या दिवशी कारखान्याचे मोठे साहेब गेटबाहेर आले. त्याआधी वर्तमानपत्रात एक फोटो आला होता आणि कामगारांनी काम थांबवल्यानं कारखान्याची भट्टी दोन दिवस थंड पडली होती. साहेबांच्या हातात नवा छापलेला अहवाल होता. तिसऱ्या पानावरचं ते वाक्य गेलं होतं. तिथं लिहिलं होतं : 'साखळी झिजल्याची नोंद वेळेवर विचारात घेतली गेली नाही.' सेक्रेटरीनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. पोटोबानं तीनदा वाचायला लावलं. मग तो फिटरच्या बायकोकडं बघून म्हणाला, "वहिनी, झालं बघा." ती बाई चार महिन्यांत पहिल्यांदा सगळ्यांसमोर रडली.

कुणीतरी फळांचा रस आणला होता, मोठा पेला भरून. डॉक्टरीणबाईंनी तो हातातून काढून घेतला.

"दोन चमचे. बास."

"अहो डॉक्टर," सेक्रेटरी म्हणाले, "सत्तावीस दिवसांचा उपाशी माणूस आहे!"

"म्हणूनच," त्या म्हणाल्या.

त्या त्याला गाडीत घालून दवाखान्याच्या माडीवर घेऊन गेल्या. रक्त काढून मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलं. उत्तर यायला दोन दिवस लागायचे. गोळ्या सुरू केल्या. ताईला समोर बसवून कागदावर लिहून दिलं : पहिले तीन दिवस दर दोन तासांनी भाताची पातळ पेज, पाच चमचे. साखर नाही. दूध अर्धी वाटी, दिवसातून दोनदा. मग थोडं थोडं वाढवत दहा दिवस.

"हे नीट ऐका," त्या म्हणाल्या. "उपाशी असताना शरीर झोपल्यासारखं होतं. एकदम गोडधोड गेलं की ते धाडकन जागं होतं आणि सगळी यंत्रं एकाच वेळी सुरू होतात. त्या यंत्रांना क्षार लागतात, तुमच्या भावाजवळ ते नाहीत. मग रक्तात जे उरलंसुरलं असेल ते ओढलं जातं आणि हृदयाला काहीच उरत नाही. उपाशी माणूस भुकेनं जितका मरत नाही तितका या जेवणानं मरतो. कळलं?"

"कळलं," ताई म्हणाली. तिनं कागद घडी घालून पोलक्यात ठेवला.

दोन दिवस ती चमच्यानं पेज भरवत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात अंग भाजलेले दोन रुग्ण आले. खाटा पुरेनात. पोटोबा म्हणाला, "मला घरी जाऊ द्या, मी काय आजारी आहे का?" डॉक्टरीणबाई दारात उभ्या राहून क्षणभर विचार करत राहिल्या. रक्ताचं उत्तर अजून आलं नव्हतं. मग खालून कुणीतरी हाक मारली, आणि त्या ताईला "कागदाप्रमाणं चाला, मी संध्याकाळी येते," एवढं म्हणून जिना उतरल्या.

ताईनं त्याला कोमट भिंतीला टेकवून बसवलं. पलीकडं बेकरीत दुपारचे पाव भट्टीत गेले होते. त्यांचा वास खोलीत यायला लागला.

त्या वासानं की काय कोण जाणे, त्याची झोपलेली भूक उठली. त्याच्या हनुवटीला कंप सुटला.

"ताई, भूक लागली गं."

सत्तावीस दिवसांत त्यानं हा शब्द उच्चारला नव्हता. आणि आवाज शेहेचाळीस वर्षांच्या माणसाचा नव्हता. आई गेली त्या आठवड्यात पाच वर्षांचं पोर ज्या आवाजात म्हणालं होतं, तो आवाज होता.

"आत्ताच पेज झाली ना राजा. दोन तासांनी परत."

"ती पेज नको. थोडासा दूधभात कर ना. गोड. तू करायचीस तसा."

"डॉक्टरीणबाई रागावतील."

"एक वाटी. एकच. मी जिंकलो ना गं?"

तिनं घड्याळ बघितलं. पोलक्यातला कागद काढून पुन्हा वाचला. मग भावाकडं बघितलं. गालांची कातडी सैल पडून लोंबत होती. ती आयुष्यभर या माणसाला पोटभर घालत आली होती, आणि बावीस वर्षं परक्या माणसांना "अजून घे" म्हणत आली होती. एका वाटीनं काय होतंय, असं तिच्या मनात आलं. दवाखान्यात दोन दिवस काही झालं नाही, आता काय होणार? शिवाय डॉक्टर लोक दहाचं काम असलं की वीस सांगतात.

तिनं दूध चुलीवर ठेवलं, भात मऊ शिजवून त्यात घातला, साखर घातली. एक वाटी दिली. ती संपायच्या आत त्यानं वाटी पुढं केली. तिनं दुसरी दिली. मग त्यानं पातेलंच मागितलं, आणि तिनं दिलं.

तो खात होता आणि ती बघत होती. इतक्या दिवसांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं. खाताना त्याच्या कपाळावर घाम आला. कान लाल झाले. तिनं त्याचा हात हातात घेतला, तर हात गरम होता.

"अरे, गरम झालास तू!" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं दाराबाहेर जाऊन शेजारणीला सांगितलं, "हात गरम झाले गं त्याचे. पहिल्यासारखे."

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या नाहीत. भाजलेल्यांपैकी एक जण अत्यवस्थ होता, त्या तिथून हलू शकल्या नाहीत. पोटोबा गाढ झोपला होता, म्हणून ताईनंही निरोप पाठवला नाही.

सकाळी त्याचे पाय सुजले होते. घोट्यांवर बोट दाबलं की खळगा पडत होता. तो म्हणाला, पायऱ्या चढल्यासारखी धाप लागतेय. मग तो ताईला आई म्हणाला. शेजाऱ्यांनी उचलून त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई जिन्यात भेटल्या, त्यांच्या हातात रक्ताचा कागद होता, नुकताच आलेला. त्यांनी एकदा पोटोबाकडं बघितलं, एकदा ताईकडं, आणि काही विचारलं नाही. सुया, नळ्या, बाटल्या, जे होतं ते सगळं केलं. त्याचं हृदय मध्येच धावायचं, मध्येच थांबल्यासारखं व्हायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी, कारखान्याचा भोंगा होऊन थोडा वेळ झाला असेल, ते थांबलं ते परत चाललं नाही.

डॉक्टरीणबाईंच्या छोट्या खोलीत तासाभरानं चार माणसं होती. त्या स्वतः, युनियनचे सेक्रेटरी, कंपनीचा एक अधिकारी आणि कोपऱ्यात स्टुलावर ताई. टेबलावर मृत्यूच्या दाखल्याचा कोरा कागद होता.

"उपोषणामुळं, असंच लिहायला हवं," सेक्रेटरी म्हणाले. "कंपनीनं मारलं त्याला. सत्तावीस दिवस! दुसरं काय कारण असणार?"

"माफ करा," अधिकारी म्हणाला, "उपोषण संपून पाच दिवस झाले. माणूस शंभर किलोचा होता. जुना हृदयविकार असणार. तसं लिहिलं तर कुणालाच त्रास नाही."

दोघं हमरीतुमरीवर आले. ताईला त्यांचे शब्द लांबून आल्यासारखे ऐकू येत होते. मग ती उठली.

"मी दूधभात घातला त्याला," ती म्हणाली.

दोघं तिच्याकडं वळले.

"परवा दुपारी. पातेलंभर. साखर घालून. घालू नका म्हणून यांनी मला समोर बसवून सांगितलं होतं. कागदावर लिहून दिलं होतं." तिनं पोलक्यातून कागद काढून टेबलावर ठेवला. "डॉक्टरीणबाई, खरं सांगा. त्यानंच गेला का तो?"

डॉक्टरीणबाईंनी तो कागद उलगडून पाहिला. "हो," त्या म्हणाल्या. "त्यानंच. क्षार आधीच संपले होते, आणि मी रक्ताचं उत्तर यायच्या आत त्याला घरी सोडलं. संध्याकाळी येते म्हणाले आणि आले नाही. तेही आहे. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हो."

"मग तसं लिहा."

"ताई," सेक्रेटरी पुढं झाले, "अहो, काय करताय हे? उद्या आपण मिरवणूक काढणार आहोत. लोक त्याला हुतात्मा म्हणताहेत. आणि तुम्ही स्वतःवर घेताय? गाव तुम्हाला जगू देईल का?"

"एका खोट्या वाक्यासाठी उपाशी बसला तो," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "त्याच्याबद्दल मी खोटं कसं लिहू देऊ?"

डॉक्टरीणबाईंनी पेन उघडलं. दीर्घ उपवासानंतर जास्त अन्न घेतल्यानं रक्तातले क्षार घटून हृदय बंद पडलं, असं लिहिलं. खाली, ज्याची सक्ती नव्हती, ते आणखी एक वाक्य लिहिलं : रुग्णाला तपासणीचा निष्कर्ष येण्यापूर्वी घरी पाठवण्यात आले होते. आणि सही केली.

मिरवणूक निघाली, पण लहानशी.

गावानं जे करायचं ते केलं. नळावर बायका ताई आली की बोलणं बदलायच्या. कॅन्टीनमध्ये काही लोक तिच्या हातून वाढून घेईनात, शेजारच्या खिडकीवर रांग लावत. एक जण मित्राला म्हणाला, "सांभाळून, जास्त वाढेल हां ती," आणि दोघं हसले. ताईनं ऐकलं. ऐकून पुढच्याच्या ताटात भात वाढला. तिला वाटायचं, बोलावं, अजून बोलावं, कुणीतरी तोंडावर शिवी द्यावी. पण तशी कुणी दिली नाही.

तिचं स्वतःचं जेवण तुटलं. ठरवून नव्हे. घास तोंडात जायचा आणि तिथंच फिरत राहायचा. महिन्याभरात तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

मग एके दिवशी फिटरची बायको आली. दुपारची वेळ होती, सुट्टीचा वार. तिनं डब्यातून भाकरी आणि भाजी आणली होती. समोर बसली.

"मला जात नाही जेवण," ताई म्हणाली.

"नका जेवू. मी बसते नुसती."

ती बसली. दुसऱ्या सुट्टीला पुन्हा आली, पुन्हा नुसती बसली. तिसऱ्या वेळी ताईच म्हणाली, "तुम्ही का येता? माझ्या हातून गेलाय तो."

"माहीत आहे. दाखला वाचला मी." फिटरची बायको जमिनीकडं बघत होती. "हे गेले तेव्हा मला सगळे म्हणायचे, नशीब, नशीब. मला वाटायचं, कुणीतरी नीट सांगा ना काय झालं. तुमच्या भावानं सांगितलं. उपोषणाला बसायच्या आधी येऊन पाया पडला माझ्या, म्हणाला, वहिनी, लिव्हर मी ओढला. मी तेव्हा दार लावून घेतलं त्याच्या तोंडावर. आठ दिवस उघडलं नाही. आता वाटतं, पाणी तरी द्यायला हवं होतं."

बाहेर कुणीतरी सायकलचं चाक फिरवून बघत होतं, त्याची टकटक ऐकू येत होती.

तेवढ्यात ताईच्या पोटात कळ आली. आधी तिला कळलंच नाही, हे काय आहे. मग कळलं. भूक होती ती. साधी, रोजची, सडकून लागलेली भूक. तिला स्वतःच्या त्या पोटाची इतकी लाज वाटली की तिनं दोन्ही हात पोटावर दाबून धरले. तो गेला, आणि याला खायला हवं. याला काहीच कसं वाटत नाही?

फिटरच्या बायकोनं डबा उघडून पुढं सरकवला. ताईनं भाकरीचा तुकडा मोडला. तो तोंडात घातला, चावला, गिळला. मग दुसरा मोडला. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ती खात होती, हळूहळू, एकेक घास, आणि समोरची बाई पाण्याचा तांब्या हातात धरून तिचं खाणं संपायची वाट बघत बसली होती.